अपेक्षित फलिताचा रकाना

वार्षिक नियोजन म्हणजे वर्षभर काय शिकवणार ते जूनमध्ये लिहून द्यायचं आणि जुलैत विसरून जायचं. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी बारा-तेरा वर्षं हेच केलं. रसायनशास्त्र शिकवणारी मी एकटीच, त्यामुळे नक्कल मारायलासुद्धा दुसऱ्या कुणाची वही नाही. माझीच गेल्या वर्षीची काढायची, तारखा बदलायच्या, सही ठोकायची. अभ्यासक्रमातून कधीच गेलेला एक धडा आमच्या नोंदवहीत दर ऑगस्टला शिकवून पूर्ण होत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

त्या वहीतला शेवटचा रकाना 'अपेक्षित फलित'. धडा झाल्यावर मुलांना काय यायला हवं, ते तिथं लिहायचं. मी वर्षानुवर्षं तिथं एकच वाक्य खरडत आले: 'विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट होईल.' होईल म्हणजे होईल. विचारतंय कोण!

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर अकरावी सायन्सच्या प्रवेशाची यादी. म्हणाले, "मॅडम, पोरं कुठायत?"

"सर, नावं तर आहेत."

"नावंच आहेत. पोरं लातूरला, पुण्याला, नगरच्या क्लासला. आणि आता तर नावंही न्यायला लागलीत."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. पण ते शांतपणे सांगत राहिले. तुकडीला लागतात तेवढी नावं हजेरीपटावर नसली तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणजे मी अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षकाला जिल्ह्यात जिथं जागा असेल तिथं जावं लागतं. त्या वर्षी जागा अकोल्याला होती. जिल्हा म्हणायला एकच, पण आम्ही दक्षिणेच्या टोकाला आणि अकोले पार वर डोंगरात. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा आठवीत, नवरा फिरतीवर. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तोडगा सरांनीच काढून ठेवला होता. सकाळी साडेसहाला स्पेशल बॅच, प्रगत रसायनशास्त्र, कॉलेजतर्फे, फुकट. लातूरला जे मिळतं ते इथंच मिळेल, असं पालकांना दिसलं पाहिजे. "चांगलं भारदस्त नियोजन करा," ते म्हणाले. "आणि पालकांकडून लिहून घ्या, म्हणजे मधनंच कुणी पळणार नाही."

खोटं कशाला बोलू, मला हुरूप आला. कितीतरी वर्षांनी मी मनापासून नियोजन केलं. कोणत्या आठवड्यात मोल, कोणत्या आठवड्यात आम्ल-अल्कली, कुठं मुलं अडखळतात, तिथं दोन तास जास्त. दर शनिवारी प्रात्यक्षिक, आणि ते स्वतःच्या हातानं. शेजारच्याचं बघून जर्नल भरायचं नाही. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता मी वेळापत्रक जुळवत होते. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "काय गं, पुटपुटतीयस काय?" मी म्हटलं, "पोरांना डॉक्टर करतेय." त्या हसल्या, मीही हसले.

मग पालकांसाठी अपेक्षापत्र लिहिलं. सकाळी साडेसहा म्हणजे साडेसहा. लग्न, यात्रा, शेतातलं काम, खेळाचा सराव, कोणतीही सबब चालणार नाही. आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत बॅच सोडता येणार नाही. शेवटी सवयीनं 'अपेक्षित फलित' असा मथळा टाकला आणि जोशात लिहून गेले की प्रत्येक विद्यार्थी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेसाठी पूर्णपणे सक्षम होईल. आमच्या क्लार्कनं प्रत्येक प्रतीवर कॉलेजचा गोल शिक्का मारला. मी म्हटलं, अहो शिक्का कशाला, हे काय सर्टिफिकेट आहे? तो म्हणाला, शिक्क्याशिवाय कागद बोडका दिसतो मॅडम.

पालकसभेला बहुतेकांनी न वाचता सही केली आणि चहा पिऊन गेले. एकाच बाईनं वाचलं. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टरं. ती तिच्या गावची आशाताई होती. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात घेऊन जाणं, बाळांच्या लसी, असली कामं, दिवसभर पायपीट. बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट थांबलं.

"मॅडम, ह्ये सक्षम व्हईल म्हंजे हुईलच ना?"

मी म्हटलं, "ताई, तिनं मेहनत घेतली तर."

"ती घेती वो. लई चिवट हाय. मी रोज डॉक्टरीनबाईच्या टेबलासमोर उभी ऱ्हाती. बसायला खुर्ची न्हाई मला. माझी पोरगी त्या खुर्चीत बसली पायजे, बाकी काय न्हाई."

पुढच्या आठवड्यात कळलं की तिनं तो कागद झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून घेतला आणि घरात फडताळाच्या वर लावला. शिक्का असलेला कागद म्हणजे लिहून दिलेला शब्द, असं तिचं सरळ गणित. दिवसभर ती शिक्क्यांच्याच दुनियेत वावरायची. मला हे ऐकून गंमत वाटली होती. स्टाफरूममध्ये मी ते सांगून सगळ्यांना हसवलंसुद्धा.

तिची मुलगी दाराजवळच्या बाकावर बसायची. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत माती. पायात खेळाचे बूट. रोज साडेसहाला धापा टाकत यायची आणि पावणेसातला पेंगायला लागायची. एकदा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खडू फेकून मारला. नेम चुकून पलीकडच्याला लागला, तो भाग वेगळा. मी विचारलं, "काय गं महाराणी, रात्री पहारा देतेस का कुणाच्या वस्तीवर?" वर्ग हसला. ती उभी राहून म्हणाली, "नाही मॅडम, पळून आले." मला वाटलं घरून पळून आली. तर ती खरंच पळून आली होती. पाच वाजता मैदान, पोलीस भरतीच्या पोरींबरोबर सराव, मग तिथून धावत बॅच.

मोलची गणितं तिला शेवटपर्यंत आली नाहीत. प्रात्यक्षिकात हात थरथरायचा नाही, पण धीर नव्हता. शंकुपात्रातलं पाणी नुसतं फिकं गुलाबी झालं की वरच्या काचनळीची, ब्युरेटची, तोटी बंद करायची, एवढंच करायचं असतं. तिचं प्रत्येक वेळी गडद व्हायचं. मी म्हणायचे, "अगं थेंबाथेंबानं सोड, टँकर रिकामा करायचा नाहीये!" ती खळखळून हसायची आणि परत सुरुवातीपासून करायची. मला ती आवडायची, म्हणून जास्त बोलायचे. आणि मैदान सोड, असं मीच तिला ऑगस्टात सांगितलं. अपेक्षापत्रात तसंच होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी ती प्रयोगशाळेत आली. सगळे गेले होते. हातात तिच्या अक्षरातला अर्ज. शाखा बदलाचा. सायन्स सोडून आर्ट्स. खाली वडिलांची सही. ते ट्रकवर असायचे, महिन्यातून एकदा घरी यायचे, तेव्हा घेतलेली. वर्गशिक्षक मीच, म्हणून अर्ज माझ्याकडून पुढं जायचा.

"मॅडम, मला हे जमत नाही. मी खोटं नाही सांगत, मी खूप केलं. आर्ट्सला सकाळची बॅच नाही. मैदान होईल. भरतीला बारावी लागती, ती मी आर्ट्सनं आरामात काढीन. आमचे मैदानावरचे सर म्हणतात माझं टायमिंग भरतीच्या आत आहे."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणती, मॅडमनी लिहून दिलंय." ती जरा थांबली. "तुम्ही आईला सांगितलं तर ती ऐकंल. फक्त तुमचंच ऐकंल."

मी अर्ज घेतला. म्हटलं, "ठेव. बघते."

खरंच बघणार होते. तेवढ्यात दुपारी सरांचा निरोप आला की पटाची तपासणी लागलीय. मी यादी मोजली. एकदा, दोनदा, बोट ठेवून. लागतात तेवढीच नावं होती. एक कमी नाही, एक जास्त नाही. तिचं नाव काढलं की तुकडी गेली, आणि तुकडीबरोबर मी. सर म्हणाले, "मॅडम, एकही नाव हलता कामा नये. तुमच्यासाठीच सांगतोय." ते खरंच माझ्यासाठीच सांगत होते. राग कुणावर काढायचा तेही कळेना.

अर्ज मी प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, जर्नलांखाली. फाडला नाही. नाकारला नाही. नुसता ठेवला. घरी गेल्यावर सासूबाईंचं अंग पुसता पुसता स्वतःला समजावलं: सोळा वर्षांची पोर, तिला काय कळतंय? आज पळायचं म्हणते, उद्या गुडघा दुखला की काय करणार? सायन्स केलं तर चार दारं उघडतात. हे सगळं मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याला पटलंही असतं. मला पटत नव्हतं. जेवण जात नव्हतं.

ती रोज बॅच संपल्यावर थांबायची. मागायची नाही, टेबल पुसायची, परीक्षानळ्या धुवायची. मग दारात जाऊन वळून बघायची. मी म्हणायचे, "बघतेय गं, सरांशी बोलायचंय." एक दिवस मीच चिडले, "तुझं एकटीचंच काम आहे का मला?" ती म्हणाली, "नाही मॅडम." आणि निघून गेली. त्यानंतर मी मागचा जिना वापरायला लागले. स्वतःच्या कॉलेजात, विद्यार्थिनीपासून लपत, चाळिशी ओलांडलेली बाई!

शाखा बदलाची मुदत संपली. मी तिला बोलावून सांगितलं, "अगं, मुदत गेली. आता या वर्षी काही होणार नाही." ती "बरं मॅडम" म्हणाली. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. पुढच्या सोमवारी चपला घालून आली, वेळेवर, आणि पेंगली नाही.

तपासणी झाली, तुकडी राहिली, मीही राहिले. स्टाफरूममध्ये कुणीतरी भेळ मागवली. मी खाल्ली.

मग मी प्रायश्चित्त घ्यावं तशी तिच्या मागे लागले. मधल्या सुट्टीत शिकवलं, रविवारी घरी बोलावलं. बारावीलाही सोडलं नाही. सासूबाईंच्या खोलीत बसून ती समीकरणं पाठ करायची. त्या तिला आवळ्याची सुपारी द्यायच्या. ती सगळं मुकाट्यानं करायची. मला त्या मुकाट्याचा इतका त्रास व्हायचा की कधी कधी वाटायचं, हिनं एकदा मला तोंडावर वाट्टेल ते बोलावं. प्रात्यक्षिक परीक्षेत तिला तीसपैकी तीस दिले. सगळ्यांनाच देतो, पण तिचे देताना पेन जड झालं.

बारावी ती बऱ्यापैकी पास झाली. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मात्र आकडा असा आला की तो मोठ्यानं वाचवेना. आणि तिच्याबरोबर मैदानावर पळणाऱ्या पोरींपैकी एक पोलिसात भरती झाली, हे मला पेपरातल्या अभिनंदनाच्या फोटोवरून कळलं. त्या दिवशी मी तासाला पुस्तक उघडून ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मुलं आपापसात बोलत होती, बोलू दिलं.

निकालानंतर मायलेकी पेढे घेऊन आल्या. मी सरांच्या केबिनमध्ये होते. आईनं सरांना पेढा दिला, मला दिला, आणि माझे दोन्ही हात धरले. तिचे हात खरखरीत, गरम.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू? अकरावीला हिनं मधीच सोडायचं काढलं हुतं. मी म्हणलं, मॅडमला ईचार. तर म्हणली, मॅडम न्हाई म्हनल्या, तू करशील म्हनल्या. तुमी सोडलं न्हाई म्हणून पोर हितवर आली. आता लातूरला रिपीटच्या बॅचला टाकतीया. हॉस्टेल बघून आले. एका वर्षात न्हाई झालं तर दोन. हुईल ना वो?"

मी मुलीकडे बघितलं. ती टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होती. मी काहीच म्हणाले नव्हते! "तू करशील" तर कधीच म्हणाले नव्हते. मी ड्रॉवरमध्ये दाबलेल्या अर्जाचं या पोरीनं घरी जाऊन 'मॅडम नाही म्हणाल्या' असं करून टाकलं होतं.

मी म्हटलं, "ताई, तिला एकदा विचारा ना, तिला काय करायचंय."

"ईचारलं की. म्हणती, मॅडम सांगतील तसं."

सर म्हणाले, "अहो, आपल्या कॉलेजची पहिली डॉक्टर!" आणि दुसरा पेढा उचलला. तिघंही माझ्याकडे बघत होते. आता बोल, आता बोल, असं आतून कुणीतरी ढोसत होतं. काय बोलू? लिहून दिलं ते खोटं होतं म्हणू? अर्ज दाबला म्हणू, सरांच्या समोर, तिचे हात माझ्या हातात असताना? माझ्या तोंडून निघालं, "मेहनत घेतली तर होईल." दोन वर्षांपूर्वीचंच वाक्य, तेच शब्द. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

जर्नल परत द्यायचं निमित्त काढून मी मुलीला प्रयोगशाळेत नेलं. दार लावलं. आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "ऐक. तुझा अर्ज मी पुढं दिलाच नव्हता. मुदत गेली नव्हती, मी जाऊ दिली. पट एकानं कमी झाला असता, माझी नोकरी इथून गेली असती. माझं चुकलं. फार चुकलं."

ती म्हणाली, "माहितीय मॅडम."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तुम्हीच मला एकदा ड्रॉवरमधून जर्नल काढायला सांगितलं होतं. खाली माझा अर्ज होता. तसाच, घडी घातलेला."

मी तिथल्या स्टुलावर बसले. मग म्हटलं, "मी आत्ता बाहेर जाऊन तुझ्या आईला सगळं सांगते. लातूरला जायचं नाही."

"नको मॅडम." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आई तीन गावांत सांगून बसलीय. रोज उठून तो कागद बघती. तुम्ही खोट्या होता असं तिला कळलं तर ती काय धरून बसंल? मी जाते. मला जमंल तेवढं करते."

मला राग आला, तिचा नाही, पण निघाला तिच्यावरच. "अगं, मग तेव्हा अर्ज काढून का नाही नेलास? सरळ सरांकडे द्यायचास! माझ्या तोंडावर फेकायचास! बोलली का नाहीस काही?"

तिनं जर्नल छातीशी धरलं होतं. माझ्याकडे बघितलं, आणि तिला प्रश्नच नवा वाटला बहुतेक, कारण उत्तर देताना ती सावकाश बोलली.

"तेव्हा मुदतीला अजून दोन दिवस होते मॅडम. मला वाटलं, तुम्ही द्याल."

बाहेरून आईनं हाक मारली. एसटीची वेळ झाली होती. ती वाकली, माझ्या पायांना हात लावला, मी पाय मागं घ्यायच्या आत. मग गेली.